कानांचे टक्के

खाणीत कापाम्ब्वेचा डावा पाय घोट्यापासून गेला तेव्हा ब्वेम्ब्याला फार वाईट वाटलं. ते वाईट वाटणं तीन महिने टिकलं. मग कापाम्ब्वेला कायमच्या अपंगत्वाचे तीस टक्के मंजूर झाले, दरमहा पेन्शन सुरू झाली, आणि मुफुलिराच्या त्या गल्लीत येईल तो आधी त्याच्याच अंगणात टेकू लागला.

दोघांनी तांब्याच्या खाणीत बावीस वर्षं शेजारी शेजारी ड्रिल चालवलं होतं. त्या ड्रिलनं ब्वेम्ब्याचे दोन्ही कान खाल्ले. पण कान आपले जागच्या जागी! पाय गेला की लोक हळहळतात. कान गेला की म्हणतात, मठ्ठ आहे. आपलाही एखादा पाय गेला असता तर, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

"अहो चोलाचे बाबा," बायको त्याच्यासमोर उभी राहून, ओठ ठळक हलवून म्हणाली, "नुसते जळताय कशाला? अर्ज करा की!"

त्यानं केला. कित्वेच्या दवाखान्यात त्याला काचेच्या खोलीत बसवून कानांवर यंत्र चढवलं. आवाज आला की बटण दाबायचं. समोर, काचेपलीकडे, नर्स. शेवटी डॉक्टरनं कागदावर लिहून दाखवलं : कान उत्तम.

"दाबलंत?" घरी बायकोनं कपाळ बडवलं. "प्रत्येक वेळी?"

"हात आपोआप गेला गं!"

खरंच होतं ते. खाणीत ही तपासणी दरवर्षी व्हायची. नापास झालेल्याला खाणीबाहेर, जमिनीवरचं काम आणि कमी पगार. म्हणून ड्रिलवाले आवाजाची वाटच पाहत नसत. आवाज सोडताना नर्सचं कोपर हललं की बटण दाबून मोकळे. ही विद्या ब्वेम्ब्याला कापाम्ब्वेनंच शिकवली होती. बावीस वर्षं पास होत आलेल्या माणसाला आता नापास होणं जमेना. वर खाणीचे सगळे जुने कागदही तेच सांगत होते : कान उत्तम.

पेन्शनच्या कचेरीनं कळवलं, फेरतपासणी हवी असेल तर सोबत काम केलेला माणूस साक्षीला आणा. जिवंत असलेला एकच होता.

आठवडाभर ब्वेम्ब्या कुढला. मग कापाम्ब्वेच्या अंगणात गेला.

"म्हणजे मी डॉक्टरला सांगू, की आम्ही दोघं लबाड होतो?" कापाम्ब्वे ओरडला.

"सांगशील?" ब्वेम्ब्याही ओरडला.

"काय?"

"सांगशील का म्हणतो!"

"ओरडतोस कशाला? येतो की!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. ऐकू आलं नाही ते त्या दोघांनाच, आणि तरी ब्वेम्ब्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. मत्सरानं माणूस आंधळा होतो म्हणतात. हा तर आधीच बहिरा.

कित्वेच्या डॉक्टरनं सगळं ऐकून घेतलं, हसला, आणि ब्वेम्ब्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली. ब्वेम्ब्या बसून राहिला. एकदाही बटण दाबलं नाही. परीक्षा सुरू झाली कधी आणि संपली कधी, तेही त्याला कळलं नाही. वीस टक्के.

त्याचा ऊर भरून आला. एवढ्यात डॉक्टरनं कापाम्ब्वेच्या खांद्याला हात लावला. साक्ष देताना हा गडी दर प्रश्नाला "काय?" म्हणत होता, ते त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यानं कापाम्ब्वेलाही त्याच खुर्चीत बसवलं. पुढच्या मंगळवारी मुफुलिराला दोन पाकिटं आली.

"मिळाले ना वीस?" बायको आनंदानं ओरडली. "मग तोंड का असं?"

"त्याला कानांचे बावीस दिलेत," ब्वेम्ब्या म्हणाला. "पायाचे वेगळे."