बोटीच्या वखारीतला मार्कर

हातखंब्याच्या अलीकडे एका वाडीत हौसाचं घर. वाडीतले बहुतेक बाप्ये मुंबईला, त्यामुळे बायका पऱ्याच्या वाहत्या पाण्यावर धुणं घेऊन बसल्या की नवऱ्यांच्या नोकऱ्यांचा विषय आपोआप निघायचा. कुणाचा गोदीत होता, कुणाचा पोस्टात, कुणाचा गिरणीत. काशीरामची बायको तर ‘आमचे ह्ये जॉबर’ असं काही सांगायची, की ऐकणाऱ्याला वाटावं गिरणी यांच्याच मालकीची आहे. हौसाची पाळी आली की ती चादर जरा जोरात आपटायची. आपला नवरा केरू मुंबईत कुठल्याशा जिमखान्यावर आहे, एवढं तिला ठाऊक होतं. तिथं तो करतो काय, हे मात्र तिला चारचौघींत धड सांगता येत नव्हतं.

तिनं विचारलं नव्हतं असं नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच शिमग्याला केरू रजेवर आला, तेव्हाच तिनं विचारून घेतलं होतं.

“मार्कर हाय मी,” केरू म्हणाला.

“म्हंजी काय करताव?”

“सायब लोक टेबलावर काठीनं गोळे मारतात. कुनाचे गुण किती झाले, ते मी सांगतो.”

“आनी?”

“आनी काय. तेवडंच.”

केरूचा स्वभावच तसा. टेबलाचं हिरवं कापड रोज कसं झाडायचं, इस्त्री कशी फिरवायची, काठीच्या टोकाचं चामडं कधी बदलायचं, यातलं काही त्यानं सांगितलं नाही. सांगण्यासारखं आहे असंच त्याला वाटलं नसावं. शिमग्याला आलेल्या काशीरामच्या कानावर मात्र गोळे तेवढे पडले आणि त्यानं वाडीभर नाव करून टाकलं, गोळेवाला केरू. हौसानं ते नाव अनेक वर्षं मूग गिळून ऐकलं.

एकदा केरू रजेवर आला तो अगदीच गप्प होता. हौसानं खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की जिमखान्याच्या अध्यक्षसाहेबांचा मोठा सामना चालू असताना त्यांच्या कोटाची बाही एका गोळ्याला लागली. कुणाला दिसली नाही. केरूला दिसली आणि त्यानं सगळ्यांसमोर ‘फाऊल’ म्हणून सांगितलं. साहेब सामना हरले आणि पुढचा पाऊस सरेपर्यंत केरूशी एक शब्द बोलले नाहीत.

“मंग बोललाव कशाला?” हौसा म्हणाली. “गेली असती नोकरी म्हंजी?”

“लागली व्हती गो बाही.”

हौसानं कपाळाला हात लावला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या.

अठ्ठ्याण्णव साली केरू निवृत्त होऊन घरी आला. जाताना बोटीनं गेलेला माणूस येताना नव्या रेल्वेनं आला. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र ताठ. अंगणात उभा राहिला तरी हात मागे बांधून, भिंतीपासून थोडा पुढे, असा उभा राहायचा. जणू समोर कुणाचा खेळ चाललाय आणि आपल्या सावलीचीही अडचण होता कामा नये.

एका संध्याकाळी हौसानं सहज विचारलं, “तुमी सोता किती खेळलाव त्यो खेळ?”

“मी? कंदीच न्हाय.”

“येकदा बी न्हाय?”

“नोकरानं काठी धरायची ती पुसाया,” केरू म्हणाला. त्यात त्याची तक्रार नव्हती. हौसाला मात्र ते फार लागलं. जन्मभर गूळ ढवळायचा आणि बोट चाखायचं नाही, असलं कसलं काम, असं तिच्या मनात आलं.

वर्षभरानं त्यांच्या अंगणात एक जीप येऊन उभी राहिली. पावसचे मोठे आंबेवाले हरिहरपंत, ज्यांना सगळा मुलूख आप्पा म्हणतो, त्यांचा शौनक आला होता. पोरगा पुण्याला शिकून परतलेला, डोक्यात कल्पनांचं मोहोळ. रत्नागिरीत संध्याकाळ झाली की मोठ्या माणसानं करायचं काय, हा त्याचा प्रश्न होता. एक तर टीव्हीपुढे बसा, नाही तर परमिट रूममध्ये. त्याला मोठ्यांसाठी खेळघर काढायचं होतं. स्नूकरची टेबलं, कॅरम, टेबल टेनिस, बुद्धिबळ, शिवाय गरम भजी आणि चहा.

“केरूमामा, टेबलं मुंबईहून येतील. पण ती सांभाळणारा माणूस मला इथं तुमच्याशिवाय कोणी सापडत नाही,” शौनक म्हणाला.

“टेबलं मांडनार कुटं, भाऊ?”

“बंदरावरच्या बोटीच्या वखारीत.”

ओटीवर चहा घेऊन आलेली हौसा दारातच थांबली. बोटीची वखार तिच्या चांगली ओळखीची होती. आगबोटी चालू होत्या त्या काळात मुंबईला जाणारा प्रत्येक जण त्या जांभ्या दगडाच्या लांबच लांब इमारतीत ताटकळत बसायचा. बोट बाहेर समुद्रात उभी राहायची, मग माणसं न्यायला छोटे पडाव यायचे. नवी नवरी असताना हौसा केरूला पोचवायला तिथवर गेली होती. कुळथाच्या पिठाचं गाठोडं त्याच्या हातात दिलं होतं आणि बोटीचा धूर दिसेनासा होईपर्यंत आतल्या लाकडी बाकावर बसून राहिली होती. त्यानंतर ती तिथं कधी गेली नाही. पुढे बोटी बंद पडल्या. वखारीत खताची पोती आली, मग जाळी आली, मग वटवाघळं.

गावातल्या जाणत्यांनी शौनकला सल्ला दिला, की पाडून टाक आणि स्लॅबची इमारत बांध. तो ऐकेना. खरं सांगायचं तर हा त्याचा हट्ट फार देखणा निघाला. वर्षानुवर्षांचा चुना खरवडल्यावर जांभा असा लालबुंद उघडा पडला, की बघत राहावं. सागवानी वासे नुसत्या तेलाच्या हातानं चमकले. फुटक्या कौलांच्या जागी जुनीच कौलं शोधून बसवली. तिकिटाची खिडकी जशीच्या तशी ठेवली, आता खेळाचं टोकन तिथं मिळणार होतं. सुतार तो लांब बाक कापायला निघाला होता, तेव्हा कामावर रुजू झालेल्या केरूनं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

“ऱ्हावं दे. बघनाऱ्याला बसाया लागंल,” तो म्हणाला. बाक राहिला.

सगळं इतकं छान चाललेलं असताना शौनकनं एक घोटाळा केला. लहान पोरांनी येऊन टेबलाचं महागडं कापड फाडू नये म्हणून त्यानं दारावर ठळक पाटी लावली, ‘अठरा वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही’. आता अशी पाटी आपल्या लोकांनी बघितलेली कुठं, तर ठरावीक सिनेमांच्या थेटराबाहेर. झालं. दोन बाजार होण्याच्या आत बंदरापासून हातखंब्यापर्यंत बातमी पसरली, की वखारीत जुगाराचा अड्डा निघतोय. कुणी म्हणालं दारू. कुणी तर मुंबईहून बायका नाचवायला आणणार म्हणून सांगू लागलं, आणि सांगताना त्याचेच डोळे चमकत होते. आप्पांनी लेकाशी बोलणं सोडलं.

वाडीत हा विषय गिरणी सोडून गावी परतलेल्या काशीरामनं उचलला. शिमगा जवळ आला होता आणि पालखीचं ठरवायला देवळात गावकी बसली होती. काशीराम उठून म्हणाला, “अड्ड्यावर राबनाऱ्याच्या दारात देवीची पालखी न्यायची का, ह्ये गावकीनं आदी ठरवावं.”

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. तिच्यासाठी मुंबईकर नोकरीवर पाणी सोडून गावी येतात. ती एका दारावरून तशीच पुढे जाणं म्हणजे ते घर गावातून उठल्यासारखंच. गावकीचे मानकरी गंगाराम म्हातारे होते आणि घाईत काही बोलायची त्यांना सवय नव्हती.

“आदी डोळ्यांनी बगू,” ते म्हणाले. “मंग ठरवू.”

हौसाला हे त्याच संध्याकाळी कळलं. गोळेवाला म्हणून घेतलं, ते सोसलं. पण पालखी? केरू घरी येताच ती रडतच त्याच्यापुढं उभी राहिली.

“सोडा ती नोकरी. मला माजं दार पायजे.”

केरूनं तिला ओटीवर बसवलं. मग म्हणाला, “उद्गाटनाला तू ये. येकदा बग. मंग तू म्हनशील तर सोडतो.”

हौसा कबूल झाली, पण मनातून तिनं ठरवून टाकलं होतं. तरीही शेवटचं का होईना, माणूस नीटनेटका दिसावा म्हणून तिनं त्याला पांढरा शुभ्र सदरा शिवून घेतला. शिंप्याला वर बजावलं, बाह्या जरा सैल ठेव, वयस्कर माणूस आहे.

उद्घाटनाला वखार भरून गेली होती. निम्मे लोक आत काय काळंबेरं आहे ते बघायला आलेले. हौसा त्याच बाकावर जाऊन बसली. शेजारी टोप्या सावरत गंगाराम, काशीराम आणि गावकीची मंडळी. नारळ फुटला. शौनकनं काठी उचलून केरूच्या हातात दिली.

“पहिला डाव केरूमामा आणि आप्पा खेळतील,” तो म्हणाला.

आप्पा कॉलेजात असताना मुंबईला हा खेळ थोडाफार खेळले होते, हे लेकानं आजीकडून काढून घेतलं होतं. टेबल दिसल्यावर आप्पांचा राग तसाही अर्धा उतरला होता. केरूचा चेहरा मात्र पांढरा पडला. एवढा जन्म ज्या टेबलाशेजारी गेला, त्यावर तो आज पहिल्यांदा वाकणार होता. बाकावर हौसानं पदर तोंडाशी धरला.

आप्पांनी पहिला फटका मारला, लाल गोळे विखुरले. केरू पुढं झाला. काठीला खडू लावला, वाकला, डावा हात लांब करून टेबलावर टेकला. पांढरा गोळा सुटला, लालवर आपटला आणि लाल गोळा सरळ कोपऱ्यातल्या खिशात जाऊन पडला. वखारीत टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की कौलांवरची कबुतरं उडाली. हौसा बाकावरून अर्धी उठली. आपला माणूस टाळ्या घेतोय, हे तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

केरूनं हात वर केला. टाळ्या थांबल्या.

“फाऊल,” तो म्हणाला. “बाही लागली गोळ्याला.”

“अहो, मला नाही दिसलं,” आप्पा म्हणाले.

“मला कळली.”

त्यानं काठी ठेवली. भिंतीवरच्या गुणांच्या लाकडी पाटीकडे गेला आणि आप्पांच्या नावापुढची खूण स्वतःच्या हातानं पुढं सरकवली. मग हात मागे बांधून, भिंतीपासून थोडा पुढे, नेहमीच्या जागी उभा राहिला.

“आप्पा, तुमची पाळी,” तो म्हणाला.

गंगारामनी आप्पांना हाक मारून विचारलं, “काय झालं वो?”

“पहिला गुण त्यानं मिळवला होता, तो गेला. वर दंडाचे गुण मला दिले,” आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता.

गंगाराम काशीरामकडे वळले. “तू हितं पुढंच बसलावतास. तुला दिसली बाही?”

“न्हाय,” काशीराम खाली बघत म्हणाला.

“मला बी न्हाय.” म्हातारबुवांनी एवढंच म्हटलं आणि टोपी नीट बसवून पुढचा डाव बघायला लागले.

हौसा त्या पाटीकडे बघत होती. तेवढंच म्हणून केरूनं सांगितलेलं काम आज तिच्यासमोर झालं होतं, आणि ते कधीच तेवढंच नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, इतकी वर्षं काही न सांगणाऱ्या केरूचा त्याहून आला, आणि अभिमानानं तर तिला रडूच फुटलं. तिनं ते लपवलं नाही.

परतताना एस.टी.त केरूनं हळूच विचारलं, “मंग, सोडू?”

हौसानं त्याचा हात हातात घेतला आणि सदऱ्याचा कफ उलटून बघितला.

“उद्या ह्या बाह्या आत घेते,” ती म्हणाली. “लय सैल शिवल्यात मेल्यानं.”

शिमग्याला पालखी आली. ढोल वाजत आली, केरूच्या अंगणात मनसोक्त नाचली, आणि पालखीच्या पुढच्या दांडीखाली काशीरामचा खांदा होता. हौसानं देवीची ओटी भरायला घेतली. तेवढ्यात काशीरामकडे मुंबईहून आलेली एक पाहुणी कौतुकानं पुढं होऊन म्हणाली, “मावशी, तुमचे हे काय करतात?”

आजूबाजूला सगळ्या पऱ्यावरच्याच बायका उभ्या होत्या. हौसानं खण-नारळ देवीच्या ओटीत घातला, पदर खोचला आणि शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

“मार्कर हायत. बोटीच्या वखारीत.”

म्हणजे काय, ते तिनं सांगितलं नाही.