टेलरबाईंनी तलाव पार केला

टेलरबाईंची शिलाई झकास, पण वायदा कच्चा. "उद्या नक्की!" असं त्या इतक्या मनापासून सांगत की गिऱ्हाईक पुन्हा फसायचं. शिकण्याचंही तसंच. पेटी झाली, टायपिंग झालं, चित्रकला झाली; सगळ्याचे नव्याचे नऊ दिवस. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी पोहण्याचा क्लास लावला, तेव्हा नवरा पेपरातून डोकं न काढताच म्हणाला, "दहाव्या दिवशी तो पोहायचा नवा टॉवेल मला दे."

बाईंना हे फार लागलं. दुसऱ्या दिवशी दुकानात चार बायका बसलेल्या असताना त्यांनी जाहीर करून टाकलं, "पोरांच्या परीक्षा संपल्या की पहिल्या रविवारी मी तलाव पार करणार. या सगळ्याजणी बघायला!" आणि कापडावर खुणा करायच्या खडूने ट्रायलरूमच्या दारावर तारीखही लिहिली.

झालं! वर्षानुवर्षं हेलपाटे घातलेल्या बायकांना आयतंच कोलीत मिळालं.

"काय बाई, पोहणं कुठवर आलं?" बँकेतली कॅशियर विचारायची.

"होत आलंय. थोडं फिनिशिंग राहिलंय."

"म्हणजे अजून कापलंच नाही म्हणा की!"

आता पाठ फिरवायची सोय नव्हती. बाई रोज नाकातोंडात पाणी घेत, तलावाची कड घट्ट धरून पाय झाडत. मुलीच्या वयाची कोच ओरडायची, "मावशी, पाण्याशी भांडू नका. अंग सैल सोडा!" एका सकाळी खांदा भरून आला म्हणून त्या पडूनच राहिल्या. तेवढ्यात खिडकीखालून कॅशियरची हाक आली, "आज सुट्टी का?" बाई टॉवेल उचलून निघाल्या.

ठरलेल्या रविवारी कठड्याला बायकांची ही गर्दी! बाई झोकात निघाल्या, पण अर्ध्यावर दम संपला आणि त्यांनी बाजूची तरंगती दोरी धरली. कुणी हसलं नाही. ते त्यांना जास्तच झोंबलं. ओल्या केसांनीच त्या दुकानात गेल्या, दारावरची तारीख पुसली आणि पुढच्या रविवारची लिहिली.

त्या रविवारी पाहायला फक्त कॅशियर आणि नवरा. नवरा टॉवेल घेऊन काठाकाठाने चालत होता. मध्यावर बाईंना दोरी दिसली. हात तिकडे वळलाही; मग त्यांनी डोळे मिटले आणि अंग सैल सोडलं. पुढचं काही त्यांना नीट आठवत नाही. बोटांना फरशी लागली, तेव्हा नवरा गुडघ्यांवर बसून ओरडत होता, "पोचलीस अगं, पोचलीस!"

बाईंनी त्याच्या हातातला टॉवेल ओढून तोंडावर धरला. दम लागला होता म्हणा, किंवा आणखी काही.

पुढे त्या पाठीवर पोहायलाही शिकायला लागल्या. त्याची तारीख मात्र त्यांनी गिऱ्हाइकांनाच ठरवायला लावली, आणि त्या बायकांनी जराही दयामाया दाखवली नाही.