उलट्या पायांची लॉरी

तुमच्यातल्या धाकट्याला गाडी घ्यायची आहे, आणि जुनी घ्यावी की नवी यावरून तुमच्या घरी रोज वाद चालतो, असे तुमच्या आईने फोनवर सांगितले. माझे मत कोणी विचारलेले नाही. तरीही लिहिते, कारण हा वाद मी एकदा फार जवळून पाहिला आहे. त्या वेळी माझ्या थोरल्या भावाचे पुढचे सगळे आयुष्य त्यावर टांगलेले होते.

आमचे गाव अलिबागच्या बाजूला, समुद्राला लागून. आम्ही यहुदी, धंद्याने तेली. शनिवारी घाणा बंद ठेवायचो, म्हणून गाव आम्हाला शनवारतेली म्हणे. तुम्ही राहता त्या देशात शनिवारी सगळेच जण दुकाने बंद ठेवतात. आमच्याकडे मात्र तेवढ्या एका आळीत शुक्रवारी संध्याकाळपासून सामसूम असे. आमच्या तेलाचे डबे बैलगाडीने कार्ले खिंड ओलांडून पोयनाड-पेणच्या बाजाराला जात आणि नारळ रेवसच्या बंदरावर.

दादाला लहानपणी ताप आला आणि उजवा पाय गेला. गेला म्हणजे अगदी निर्जीव झाला नाही. पाय खाली दाबता येई, पण दाबलेला पाय परत वर घ्यायचा तर गुडघ्याखाली हात घालून उचलावा लागे. शाळा सुटल्यापासून त्याचे काम एकच, घाण्याच्या लाकडावरच्या फळीवर बसून बैलाबरोबर गोल फिरणे. तो फार थट्टेखोर होता. म्हणायचा, "बाय, मी रोज पेणला जाऊन येण्याइतका फिरतो, पण पेण काही येत नाही."

मग बाबांनी लॉरी घ्यायची ठरवली.

रेवसला बाबांचे एक जुने स्नेही होते, सुक्या मासळीचे कोकणी मुसलमान व्यापारी. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्याकडे जुन्या बांधणीची एक लॉरी होती आणि ती विकून ते होडी घेणार होते. दादा या ना त्या निमित्ताने रेवसला जाई, आणि चाचांनी त्याला लॉरी चालवायला शिकवली होती. ती गाडी आत्ताच्यासारखी नव्हती. वेग कमी-जास्त करायची दांडी स्टिअरिंगच्या चाकाखाली, हाताशी. खाली तीन पाय, म्हणजे पायाने दाबायच्या पट्ट्या. डावा दाबला की गाडी पुढे, मधला दाबला की मागे, आणि उजवा म्हणजे ब्रेक.

बाबांना ती गाडी नको होती. मुंबईच्या एका गुजराती एजंटाने त्यांना नव्या बांधणीच्या लॉरीची चित्रे दाखवली होती. आईलाही जुनी नको होती, पण तिचे कारण वेगळे. "त्या गाडीत जवळा भरत होते," ती म्हणाली. जवळा म्हणजे सुकी बारीक कोलंबी. ती आमच्या धर्माला चालत नाही. "आपले तेलाचे डबे त्यात ठेवायचे? मग पेणमधली आपली माणसं तेल घेतील का?"

बाबांच्या नकाराचे खरे कारण मात्र ते एकदाच बोलले, आणि तेही दादा घरात नसताना. "चार लोक म्हणतील, लंगड्या पोराला बापाने लंगडी गाडी दिली."

दादाला विचारले तर तो म्हणायचा, "तुम्ही द्याल ती चालवीन."

त्यावर बाबांचे समाधान व्हायचे. माझे होत नव्हते. मी मुंबईला इंग्रजी शाळेत होते आणि सुट्टीत घरी आले होते. एजंटाने नव्या गाडीचे इंग्रजी माहितीपुस्तक दिले होते ते बाबांनी माझ्याकडून वाचून घेतले. नव्या गाडीत डावीकडे क्लच, मधे ब्रेक आणि उजवीकडे वेगाची पट्टी. मी वाचत होते तेव्हा दादा आईच्या शिवणयंत्रापाशी बसला होता. त्याने उजवा पाय यंत्राच्या पायपट्टीवर ठेवला, दाबला, आणि मग कोणी पाहत नाही असे बघून हाताने उचलला. परत ठेवला, परत दाबला, परत उचलला.

मी हळूच विचारले, "दादा, जमेल?"

"तू वाच पुढे," तो म्हणाला.

तो का बोलत नव्हता, हे मला पुरते कळत होते. पायाचे नाव काढले असते तर बाबांनी लॉरीचाच नाद सोडला असता, किंवा पगारी ड्रायव्हर ठेवला असता. दोन्ही वाटा घाण्यावरच परत येत होत्या.

सौद्यासाठी एक शुक्रवार ठरला. पेणचा एक मीठवाला चाचांची गाडी न्यायला शनिवारी येणार होता. मुंबईचा एजंट नवी लॉरी घेऊन पनवेलवरून रेवसला आला होता आणि त्याची परतीची बोट दुपारची होती. त्यात चाचा जुम्म्याची नमाज झाल्याशिवाय निघत नसत, आणि दिवेलागण झाली की आम्ही व्यवहाराला हात लावत नव्हतो. त्या दोन प्रार्थनांच्या मधे जी दुपार उरत होती तिच्यात काय ते ठरायचे होते. बाबा, दादा आणि मी सकाळीच रेवसला पोचलो. मला पुस्तक वाचण्यासाठी नेले होते.

बंदरावर दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. नवीचा रंग उन्हात डोळ्यांत जात होता. जुनीच्या फळ्यांना जवळ्याचा वास येत होता आणि तिच्यावर एक मांजर बसले होते.

"शेठ, मांजर पण सांगते छे ना, ए गाडी नाय, मच्छीनो टोपलो छे," एजंट हसत म्हणाला.

"तुज्या गाडीवर मांजर बसत न्हाय म्हंजे तिला कामच ठाव न्हाय," चाचा म्हणाले.

बाबा हसले नाहीत. "आधी नवी," ते म्हणाले. "चल, बस."

दादा आत बसला. एजंट त्याच्या शेजारी. पहिल्यांदा नीट गेली. रस्त्याने वर झाडांपर्यंत गेली, वळली आणि धक्क्याच्या दिशेने उतरू लागली. बाबांचा चेहरा मला आठवतो. ते मान उंच करून आजूबाजूला बघत होते, कोण कोण बघते आहे ते.

उतार संपतो तिथे, मुंबईच्या तबेल्यांसाठी, पेंढ्याच्या मोठाल्या गंजी लावलेल्या असत. त्यांच्या पलीकडे धक्का आणि धक्क्याखाली खाडी. दादाने गाडी थांबवायला उजवा पाय दाबला. चाचांच्या गाडीवर तो महिनोन् महिने तेच शिकला होता. उजवा म्हणजे ब्रेक.

गाडी थांबली नाही. इंजिन ओरडले आणि गाडी पुढे सुटली. दुसऱ्या कोणी दचकून पाय काढला असता. दादाचा पाय निघेना. मी त्याचा हात स्टिअरिंगवरून खाली गेलेला पाहिला आणि मला कळले, तो पाय उचलतो आहे. तेवढ्यात चाकावर एकच हात राहिला आणि लॉरी तिरकी झाली.

"चावी! चावी काढ!" चाचा धावत ओरडले.

लॉरी पेंढ्याच्या गंजीत घुसली. गंज हलली, पुढे सरकली, तिच्या वरच्या पेंढ्या धक्क्यावरून खाडीत पडल्या. मग सगळे थांबले. एजंट चावी मुठीत धरून बाहेर आला. डोक्यावरच्या टोपीत पेंढा खोचल्यासारखा दिसत होता, पण हसायचे कोणाला सुचले नाही. दादा आतच बसून राहिला.

बाबा गाडीपाशी गेले. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते अगदी हळू बोलले, "उतर. झालं. घरी चल. घाणा आहे."

दादा उतरला नाही. "बाबा," तो म्हणाला, "माझा उजवा पाय दाबतो, पण उचलत नाही. नव्या गाडीत तो सारखा उचलावा लागणार, हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. जुन्या गाडीत तसा लागत नाही."

"ब्रेकला लागतो."

"न्हाय लागत," चाचा मधे पडले. "गाडी हळू असली की मदला, मागं जायचा पाय डाव्यान् दाबून थांबवायला मी त्याला शिकवलंय. गाडी जोरात असली की उजवा दाबतो, तो दबलेलाच ऱ्हाऊ दे, गाडी उभीच ऱ्हाते ना? बाकी सगळं डाव्यान् आणि हातान्. भाऊ, ही गाडी तुज्या पोरासाटीच बनवल्यागत हाय."

"लोक हसतील," बाबा म्हणाले.

"हसूं देत. ते घाण्यावर बसणार हायेत काय?"

बाबांनी जुन्या गाडीपाशी जाऊन वाकून तिच्या पट्ट्या पाहिल्या. एजंटाची बोट लागत होती; नवी लॉरी न्यायला तो मुंबईहून ड्रायव्हर पाठवणार होता. शेवटी ते म्हणाले, "खिंड चढली पाहिजे. भरलेली. आज, दिव्याच्या आत. नाही चढली तर उद्या मीठवाल्याला द्या."

चाचांनी तांदळाची पोती भरायला सांगितली. पुढे दादा आणि बाबा बसले, मागे पोत्यांवर चाचा आणि मी. अलिबाग ओलांडेपर्यंत सूर्य माडांच्या शेंड्यांवर आला होता. आमच्या घराचा फाटा लागला तेव्हा दादाने बाबांकडे पाहिले. बाबांनी नुसते पुढे बोट दाखवले.

खिंडीच्या पायथ्याला गाडी जोर लावू लागली. अर्ध्यावर इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. गाडी मागे सरकली. दादाने हातब्रेकचा दांडा ओढून ती धरली. बाबा उडी मारून उतरले आणि चाकाखाली दगड लावला.

"पेट्रोल संपलं?" मी विचारले.

"न्हाय गं बाय," चाचा म्हणाले. "टाकी शीटखाली, इंजिन पुढे. चढावर इंजिन वर, टाकी खाली. पेट्रोल पोचेल कसं? म्हून ही वरती जाते ती पाठ करूनच."

तुम्हाला हे खोटे वाटेल. त्या जुन्या गाड्या चढावर खरोखर उलट्या चढवत, कारण गाडी फिरवली की टाकी वर येई. चाचांनी आणि दादाने ती पुढे-मागे करत कशीबशी फिरवली. दर खेपेला बाबा दगड घेऊन चाकामागे धावत. एका बाजूला डोंगराचा कडा, दुसऱ्या बाजूला दरी. गाडीचे तोंड आता खाली, समुद्राकडे होते, आणि पाठ वरच्या दिशेला.

दादाला मान वळवून पोत्यांवरून काहीच दिसत नव्हते. मी मागच्या फळीवर उभी राहिले, वाट सांगायला. मी "डावीकडे" म्हटले आणि गाडी दरीकडे गेली, कारण माझे डावे आणि त्याचे डावे वेगळे होते. बाबांनी ओरडून दगड टाकला.

"डावं-उजवं नको," दादा आतून ओरडला. "डोंगर नाहीतर दरी, एवढंच सांग!"

मग मी तेवढेच सांगत राहिले. डोंगराकडे न्यायची तर "डोंगर", दरीकडे न्यायची तर "दरी". दादाचा डावा पाय मधल्या पट्टीवर, एक हात वेगाच्या दांडीवर. उन्हे पिवळी होऊन तांबडी होत होती. बाबा चाकाबरोबर चालत होते, दोन्ही हातांत दगड, आणि दर वळणाला एकदा पश्चिमेकडे बघत. "डोंगर, डोंगर... दरी थोडी... डोंगर." माझा घसा बसला. वरून उतरणारा एक गाडीवान बैल धरून उभा राहिला आणि म्हणाला, "आयला, ही तर हडळ! हिचे पाय उलटे हायेत!"

आत दादा हसला. मी ते ऐकले, आणि मला वाटले, आता चढेल.

खिंडीच्या माथ्यावर जमीन सपाट झाली तेव्हा मी "डोंगर" म्हणायचे विसरले. माझा आवाज थांबला तशी दादाने गाडीही थांबवली. बाबा मागून आले, दगड हातातच. त्यांनी तो रस्त्याच्या कडेला नीट ठेवला, जणू परत लागणार आहे. चाचांना म्हणाले, "सौदा झाला." मग पश्चिमेकडे बघून, "पण चला आता. दिवा."

आई वात तयार ठेवून अंगणात उभी होती, दिवा अजून लावला नव्हता. गाडी फाटकात शिरली तशी तिने नाकाला पदर लावला. "जवळ्याची!" एवढेच म्हणाली आणि दिवा लावायला आत गेली. त्या रात्री चाचा आमच्याकडेच जेवले.

रविवारी आईने ती लॉरी राखेने, मग चिंचेच्या पाण्याने, मग परत राखेने घासली. दादा पायावर उभा राहिला तर मलिदा करीन, असा नवस तिने बोललेला होता. मलिदा म्हणजे पोहे, खोबरे, साखर आणि फळांचे ताट. आमच्या नबींचा, म्हणजे आमच्या प्रेषिताचा, रथ आकाशात गेला त्याच्या चाकांच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आहेत असे आम्ही मानतो. तिथे ते ताट न्यायचे. पुढे एकदा आम्ही लॉरीतूनच गेलो. खडकावरच्या चाकोरीकडे बघून दादा म्हणाला, "हा रथ तोंड करून चढला की पाठ करून, कोणी सांगावं?" आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

त्यानंतर ती गाडी गावात हडळ म्हणूनच ओळखली गेली. तेलाचे डबे तिच्यातून पेणला जात. बाबा त्या दिवसाबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत. पण खिंड चढली त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी घाण्याकडे गेले तर घाण्यावर दादाची बसायची लाकडी फळी नव्हती. ती कापून बाबांनी लॉरीत, पट्ट्यांच्या उजव्या बाजूला, खिळे मारून बसवली होती. दादाने गाडीत चढताना उजवा पाय हाताने उचलून तिच्यावर ठेवायचा, म्हणजे तो नकळत कुठल्याच पट्टीवर पडणार नाही. एक कोपरा पायाला टोचेल असे वाटून त्यांनी तो कानशीने घासून गोल केला होता.