मामू मत द्यायला गेले

माझे मामू खोर फक्कानच्या बंदरात क्रेन चालवतात. आम्ही मूळचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. मामूंचं आयुष्य आखातात गेलं, पण गावातल्या इलेक्शनची खबर त्यांना गावकऱ्यांच्या आधी लागते. परदेशातल्या भारतीयांना टपालाने मत देता यावं, म्हणून कोर्टात अर्ज पडून होते. तारीख झाली की त्यांचा मला फोन. मीही आखातातच, हमरिया फ्री झोनमध्ये शिपिंगच्या ऑफिसात बसतो, इंग्रजी वाचतो, म्हणून कोर्टाचं मन ओळखायची जबाबदारी माझी.

"काय म्हणाला रे कोर्ट?"

"सरकारला विचारलंय."

"मग सरकार?"

"विचार करतंय."

"इन्शाल्ला, पुढच्या टायमाला होईल."

इथे फाइल न हलवणारा क्लार्कही इन्शाल्ला म्हणतो. मामू ते मनापासून म्हणायचे, आणि त्याचाच मला जास्त संताप यायचा. भाषणात आम्ही देशाची शान. मतदानाला मात्र स्वतः विमानाने या, पासपोर्ट दाखवा. परदेशी नेमलेल्या सरकारी साहेबाला टपाली मत चालतं; क्रेनवाल्याचं मत बहुधा टपालात नासत असावं.

त्याच सुमारास आमचा अमेरिकन मॅनेजर भडकला होता. त्याला मतपत्रिका घरबसल्या मिळते, तो ती टपालाने परत पाठवतो. मतदानाच्या दिवसानंतर पोचलेली पाकिटं मोजायची की नाही, यावर तिकडच्या कोर्टांत वाद चालला होता.

"माझा हक्क पोस्टमनच्या हातात!" तो ओरडला.

"सर, तुमचं पाकीट उशिरा पोचेल. आमचं तर अजून छापलंच नाही."

तो खदखदून हसला. जेवणाच्या सुट्टीत त्याने हेच जोक म्हणून चौघांना सांगितलं.

विधानसभेची निवडणूक आली आणि मामूंनी सुट्टी टाकली.

"एका मतासाठी? येडे झालात काय?"

"कोर्टाचा विचार संपेपर्यंत मी असेन काय?" ते म्हणाले. ही शंका त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकली.

गावच्या शाळेत रांगेत उभे असताना एका पक्षाचा कार्यकर्ता त्यांना म्हणाला, "दुबईवाले, सुट्टीत मासे खा. इथल्या भानगडीत कशाला पडता?"

"घर इथलं, कबर इथलीच होणार," मामू म्हणाले. "मग भानगड कुणाची?"

रांगेतल्या एका म्हातारीने कार्यकर्त्याला बाजूला सारलं. "सर रे! टाकू दे त्याला मत."

परत आल्यावर गाडीत त्यांनी हे सगळं सांगितलं. शाई लागलेलं बोट मिरवत होते. मागच्या सीटवरून माझी मुलगी म्हणाली, "बट व्हाय नॉट जस्ट वोट ऑनलाइन?"

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बेटा, मोठी माणसं विचार करतायत."

मामूंचा उमेदवार निवडून आला, आणि थोड्याच महिन्यांत ज्याच्याविरुद्ध लढला त्याच पक्षात जाऊन बसला. मला जवळजवळ आनंदच झाला. मुद्दाम फोन लावून मी त्यांना बातमी वाचून दाखवली.

पलीकडे बंदराचा खडखडाट चालू होता.

"खलास," मामू म्हणाले. "आता त्याला पाडायला जावं लागणार. तूही मतदार यादीत नाव नोंदव."

शिव्या देत देतच मी नाव नोंदवलं.