सुतकाच्या घरी नोटीस

"साहेब, त्या घरात सुतक होतं. तिथं मीटिंगची नोटीस कशी धाडायची?" चेअरमननी मलाच उलट विचारलं.

प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता.

तेव्हा मी सहकारी खात्यात ऑडिटर होतो. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके माझ्याकडे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. वडील पोशीरला भात लावत आणि मी बी.ए. होऊन सरकारी खुर्चीवर बसलो, याचा मला अभिमान होता. आजही आहे. लोकांना वाटतं, ऑडिटर म्हणजे आकडे तपासणारा. पण सोसायटीनं घेतलेले निर्णय नियमाला धरून घेतलेत का, हेही त्यालाच बघावं लागतं.

ही सोसायटी रेल्वेच्या लोकांची. घाट चढण्यासाठी कर्जतला गाडीला जादा इंजिनं जोडतात, त्यामुळे तिथं फायरमन, खलाशी, पॉइंट्समन यांची मोठी वस्ती. त्यांतल्या काहींनी मिळून एक चाळ बांधली होती. चाळीला एक मालक नाही, सगळ्यांची मिळून मालकी. दर मेंबरला एक खोली. कारभार पाच जणांची कमिटी बघे. चेअरमन बापूराव हे रिटायर्ड गार्ड. शिस्तीचे, पण मनानं मऊ.

त्या दिवशी खालापूरचं काम उरकून मी खोपोलीहून गाडीनं कर्जतला उतरलो, तर प्लॅटफॉर्मवर आमच्या पोशीरचा मारुती उभा. लहानपणापासूनची ओळख.

"दादा, भागीची खोली गेली," तो म्हणाला.

भागीरथी ही त्याची बहीण. तिचा नवरा विठू फायरमन त्याच चाळीत राहायचा. नुकताच तापानं गेला होता, आणि त्याचे दिवसही अजून व्हायचे होते.

"गेली म्हणजे काय रे?"

"काल एक बाई दारात येऊन हुबी ऱ्हायली. आत येईना, नुसती बगत हुती. भागी म्हनाली, काय बगतेस गं? तर म्हनते, चूल कुठल्या कोपऱ्यात हाय ती बगते. ही खोली आता आमाला मिळालीय."

मारुती पुढं सांगू लागला.

"सासू आंधळी, दादा. गावातलं घर दिरानं बळकावलंय. माज्याकडं आनाव्या, तर मीच एका खणात ऱ्हातो. दोगींनी जावं कुठं? तू काय तरी कर. शिकलास तो काय नुसता टोपी घालाया?"

टोमणा लागला. मी तडक सोसायटीच्या ऑफिसात गेलो आणि मिनिट्स मागितली. मिनिट्स म्हणजे मीटिंगमध्ये काय ठरलं त्याची नोंद. तिथं लिहिलं होतं: 'मयत मेंबरांच्या वारसांपैकी कोणी हजर नाही. हरकत आली नाही. सबब खोली गोविंद खलाशी यांस द्यावी.'

नियम साधा होता. मेंबर वारला, तर त्याचा हक्क वारसाकडे जातो. वारसानं मागायचं, कमिटीनं मान्य करायचं. कुणी मागितलंच नाही, तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला. कागदावर सगळं बरोबर दिसत होतं.

"हजर नाही असं लिहिलंत. पण तिला बोलावलं कुणी?" मी विचारलं. त्यावर बापूरावांनी सुतकाचं कारण सांगितलं.

शिपाई तुकाराम दाराशी उभा होता. तो म्हणाला, "साऱ्या खोल्या फिरलो मी, सायेब. फकस्त ती सोडली. सुतकाच्या घरी आवतण देत्यात व्हय? लोकांनी जोडे मारले असते मला."

त्याचं चूक नव्हतं. आमच्याकडची रीतच ती. दुखवट्याच्या घरी कुणी आमंत्रण नेत नाही.

मी बापूरावांना विचारलं, "तुम्ही विठूच्या घरी गेला होता?"

"म्हणजे काय! खांदा दिला मी. रोज संध्याकाळी जाऊन बसतो."

"आणि बाकीची कमिटी?"

"सगळेच जातात. मर्तिकाला का बोलावणं लागतं?"

"मग रोज जाऊन बसणाऱ्यांपैकी एकानं तरी तिला सांगितलं का, की बाई, तुझ्या खोलीचा विषय मीटिंगला आहे?"

बापूरावांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला.

"कसं काढायचं तोंडातून, साहेब? समोर ती बसलेली, तिची सासू बसलेली. नवऱ्याची राख निवाली नाही आणि आपण खोलीची गोष्ट काढायची? तिकडे गोविंदाची बायको दिवसांत आलेली. दहिवलीला गळक्या झोपडीत राहतात. म्हटलं, निदान त्याची तरी सोय होईल."

"सांगायची लाज वाटली. ठराव करायची नाही वाटली."

बोललो ते कडू होतं, पण मी मागे घेतलं नाही. वाईट कुणीच नव्हतं, हेच त्या प्रकरणातलं अवघड होतं. तिच्या दुःखाचा मान राखायला म्हणून सगळे गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्यातच तिचं घर जात होतं. आवतण आणि नोटीस यांत त्यांनी गल्लत केली होती. आवतण मानाचं असतं. नको त्या वेळी ते न देणं हाही मानच. पण नोटीस म्हणजे, तुझ्याबद्दल काही ठरणार आहे, येऊन बोल, एवढं सांगणं. त्याला सुतक लागत नाही.

ऑडिटरला ठराव रद्द करता येत नाही. तो फक्त शेरा लिहितो. मी बापूरावांना तेच सांगितलं. "मी वर लिहीन की जिचा हक्क गेला तिला कळवलंच नव्हतं. वरचं ऑफिस काय करायचं ते करील. त्यापेक्षा तुम्हीच पुन्हा मीटिंग बोलवा. विठूचे दिवस होऊन जाऊ द्या. पण पहिली नोटीस भागीरथीबाईंना गेली पाहिजे, आणि आजच."

"न्यायची कुणी?"

तुकारामनं जमिनीकडे बघितलं. बापूराव उठले, खुंटीवरची टोपी घातली. "चला," म्हणाले.

भागीरथी भिंतीला टेकून बसली होती. शेजारी सासू. बापूरावांनी दारातच उभं राहून नोटीस वाचली. आयुष्यभर गाडीला निशाण दाखवलेला तो माणूस, पण तो कागद त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

मग भागीरथीनं विचारलं, "म्हंजी मी याचं का न याचं?"

"यायचं, पोरी. तुझं काय म्हणणं असेल ते सांगायचं."

"मी उंबरा कशी वलांडू, बापूकाका? इतक्यात कुठं भाईर पडत्यात?"

बापूरावांनी माझ्याकडे बघितलं. मीटिंग ऑफिसातच भरली पाहिजे असं नियमात कुठंही नव्हतं. मी तसं सांगितलं. त्यांनी तिथंच दाराच्या चौकटीवर कागद टेकवला, 'ऑफिस' हा शब्द खोडला आणि 'खोलीपुढील गॅलरी' असं लिहिलं. मग बाकीच्या नोटिसाही तशाच बदलल्या.

दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. आम्ही नुसतेच वळलो. मागून म्हातारीचा आवाज आला, "बापूराव, इतके दिस येत हुता. खरं भेटाया आज आलात."

मीटिंगला मी खालापूरहून मुद्दाम आलो. मला मत नव्हतं. बाकाच्या टोकाला बसलो. गॅलरीत कमिटी, जिन्याच्या पायरीवर गोविंद, आणि दाराच्या आत, पदर पुढे ओढून, भागीरथी. तिच्या दारापाशी चुन्याची बादली होती. खोली रंगवायला म्हणून गोविंदानं आधीच आणून ठेवलेली.

बापूरावांनी विषय वाचला आणि म्हणाले, "बोल पोरी."

"मला खोली पायजे," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. "ह्या चाळीचं जोतं भरलं तवा मातीच्या पाट्या मी वायल्यात. तुमी समद्यांनी बगितलंय. पोटुशी हुते. त्ये पोर ऱ्हायलं नाय. आता ह्ये बी गेलं. भीक नाय मागत मी. सांग म्हनलात, म्हनून सांगते."

बापूरावांनी हात वर करायला सांगितलं. पाचही हात वर गेले. खोली विठूच्या वारसाच्या नावावर झाली.

गोविंद उठला. बादली उचलली आणि जिना उतरून गेला. तिच्याकडे त्यानं बघितलंही नाही. त्याच्या बायकोचं बाळंतपण त्या गळक्या झोपडीतच झालं. खोलीची आस त्याला कमिटीनं लावली होती, आणि तीही भागीरथीला आधी विचारलं असतं तर लागली नसती. त्याचं वाईट मला अजून वाटतं.

पुढे चाळीला माडी चढली, तेव्हा गोविंदाला खोली मिळाली. काही वर्षांनी तो कमिटीवर आला आणि नंतर चेअरमन झाला. एका वर्षी मी ऑडिटला गेलो, त्याच आठवड्यात बापूराव वारले होते. भेटायला म्हणून चाळीतल्या त्यांच्या खोलीवर जाऊन बसलो, तर दारात गोविंद. हातात टोपी आणि त्या खोलीच्या वारसाच्या मीटिंगची नोटीस.

बापूरावांचा मुलगा भडकला. "गोविंदा, लाज वाटत नाही का रे? अजून तिसरा दिवस आहे! जा, नंतर ये."

गोविंद हलला नाही.

आतून बापूरावांच्या बायकोचा आवाज आला. "घे रे ती. हा रिवाज त्यांनीच पाडलाय. आणि गोविंदा, मोठ्यानं वाच. मला ऐकू येऊ दे."

त्यानं वाचली.

एवढ्या नोकरीत मी इतकं शिकलो, की ज्या दारात नोटीस न्यायला पाय जड होतात, तिथं ती सगळ्यांत आधी न्यावी. पण हे लिहायला ऑडिटच्या फॉर्मात रकाना नाही. मी त्या वर्षीच्या शेऱ्यात 'नोटीस रीतसर' एवढंच लिहिलं.