वासंतीबाईंची झोप

नोकरीची सगळी वर्षं भालचंद्ररावांनी जळगाव जामोदच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत काढली. कोणती गाडी कुठं नि केव्हा जाते हे अख्ख्या तालुक्याला सांगणारा हा गृहस्थ स्वतः मात्र सासुरवाडीच्या पलीकडं फारसा गेला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळेची एक जुनी बस घेतली, आत पलंग, ओटा, गॅस बसवला आणि बायकोला घेऊन हिंडायचं ठरवलं. लोकांनी वेड्यात काढलं. वासंतीबाईंनी नुसती पिशवी भरली, आणि भालचंद्ररावांना त्याचीच जास्त धास्ती होती.

पहिला मुक्काम उंद्रीला ओळखीच्या शेतात झाला आणि फसला. जमीन उत्तरेकडं चढती. उशी चढाला ठेवावी तर डोकं उत्तरेला. तसं मेलेल्या माणसाला निजवतात, म्हणून वासंतीबाईंनी साफ नकार दिला. उशी दक्षिणेला नेली तर डोकं खाली, पाय वर, आणि त्यांना गरगरायला लागलं. गाडी आडवी लावली तेव्हा त्या घरंगळत सरळ नवऱ्याच्या अंगावर आल्या. या वयात हे शोभतं का, म्हणत त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि सकाळपर्यंत तिथंच राहिल्या.

मग भालचंद्ररावांनी खामगावच्या गॅरेजात गाडीच्या चार कोपऱ्यांखाली चार जॅक बसवून घेतले. हँडल फिरवलं की लोखंडी पाय जमिनीला टेकतो आणि तो कोपरा वर उचलला जातो. जमीन कशीही असो, पलंग सपाट. वासंतीबाईंनी ऐकून घेतलं आणि बजावलं, "अजून एक डाव येते मी. झोप नाही लागली, त येष्टीनं घरी जाईन. मंग तुमी अन् तुमची गाडी."

या खेपेला त्यांनी माहेरचे चार सागवानी पाट बरोबर घेतले. पलंगावर बसून जेवणं त्यांना पटत नव्हतं. गाडीत पाय ठेवायला जागा नाही आणि हिला पाट सुचतात, म्हणून भालचंद्रराव मेहकरपर्यंत कुरकुरत होते.

लोणार बघायला निघालेली गाडी संध्याकाळी सुलतानपूरजवळ थांबली. जमीन इथंही उतरती, त्यात आदल्या दिवशी पाऊस झालेला. हँडल फिरवावं तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकचा पायच काळ्या मातीत खाली जाई. घामाघूम झालेले भालचंद्रराव शेवटी चिखलातच मटकन बसले. संपलं, असं त्यांनी मनाशी धरलं, आणि इथून सकाळची पहिली एसटी किती वाजता, ते सवयीनं आठवू लागले.

तेवढ्यात वासंतीबाई काखेत पाट घेऊन खाली उतरल्या.

"हे घाला पायाखाली."

"तुह्या माहेरचे हायेत न हे?"

"मंग काय झालं? जेवू पलंगावर. मले लोणार पाह्यचं हाये."

बायको आपल्या हट्टापायी नाइलाजानं येते, असंच ते आजवर समजत होते. त्यांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. एकेका जॅकखाली पाट सरकवला. पाट जरासा रुतला आणि थांबला, मग गाडी वर आली. वासंतीबाईंनी ओट्यावर पाण्याची काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. थेंबही सांडला नाही. उशी दक्षिणेला गेली.

भालचंद्ररावांना जाग आली तेव्हा उन्हं काचेतून आत आली होती. रोज त्यांच्या आधी उठणाऱ्या वासंतीबाई तोंडावर पदर घेऊन ढाराढूर झोपल्या होत्या. बाहेर रस्त्यावरून पहिली एसटी धडधडत गेली. भालचंद्ररावांनी ती जाऊ दिली, आणि भांड्याचा आवाज न करता चहाचं आधण ठेवलं.