जागृतीची पहिली रेघ

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या कमलाबाईंच्या खोलीत दोन यंत्रं. एका भिंतीशी त्यांची शिलाई मशीन, दुसरीशी जागृतीचा लॅपटॉप. मायलेकी पाठीला पाठ लावून बसत आणि दिवसभर एकमेकींच्या कामाला नावं ठेवत.

जागृती भूशास्त्रात एम.एस्सी. झालेली. नागपूरच्या एका कंपनीने तिला आठ दिवस दिले होते: तेल-वायू शोधायचं सॉफ्टवेअर शिका, जमिनीच्या पोटाच्या एका छेदावर, म्हणजे उभ्या कापाच्या चित्रावर, एक थर आखून पाठवा, जमलं तर नोकरी. नाही जमलं तर शिकवणी वर्गातली पोरं होतीच. पोरं तिला आवडत नव्हती असं नाही, पण दगड फार जास्त आवडत.

पहिले दोन दिवस फाईल उघडण्यातच गेले. तिसऱ्या दिवशी उघडली, तर पडद्यावर नुसते काळे-लाल पट्टे. जमिनीला धक्का द्यायचा आणि खालच्या थरांवर आपटून परत आलेल्या लाटा टिपायच्या, त्याचं हे चित्र. कडेचे आकडे तिने फूट समजून अर्धा दिवस घालवला. निघाले मिलिसेकंद, म्हणजे लाटेला जाऊन यायला लागलेला वेळ! असो, नवशिक्याला ठेच लागायचीच.

मोठी ठेच पुढेच होती. जन्मभर पाहिला तो वर्ध्याचा काळा दगड, भाकरींच्या चवडीसारखा आडवा. त्यामुळे छेदाच्या मधोमध पट्टे तुटलेले दिसत असूनही जागृतीबाईंनी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढली. उत्साह इतका, की चार दिवस हातात असताना फाईल पाठवूनही मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी कमलाबाईंनी हाक मारली, "इकडं ये वो, हा खिसा धर."

पट्ट्यांच्या शर्टाला खिसा बसवायचा होता. जागृतीने समोर आलेल्या निळ्या पट्ट्याला निळा पट्टा टेकवला.

"निळा दिसला की लावला! त्याच्या बाजूले कोणता हाय, थे नाई पाह्यत? जाड, मंग दोन बारीक. खाली सरकव."

खिसा बोटभर खाली सरकला आणि सगळे पट्टे जुळले. जागृती तशीच लॅपटॉपकडे धावली. तुटलेल्या जागेपलीकडे तोच क्रम, एक जाड काळा आणि दोन बारीक लाल, बराच खाली उतरलेला होता. तिथे जमीन खचलेली होती. तिची सरळ रेघ भलत्याच थरावर चढून बसली होती.

"आई, चुकीचं पाठवलं वो मी. आता काय करू?"

"काय करू म्हंजे? उसव ना! उसवायले लाज नाई, चुकलेलं तसंच गिऱ्हाइकाले देयाले लाज हाय."

जागृतीने कंपनीच्या मोहिनी मॅडमना फोन लावला. "मॅडम, माझी रेघ चुकली आहे. पट्टे तुटतात तिथून पुढे थर खाली गेलाय. नवी फाईल पाठवू का?"

"पाठव," मॅडम म्हणाल्या. "तुम्हा सातही जणांनी रेघ सरळच ओढली. चुकलं म्हणून फोन फक्त तुझा आला. सोमवारी रुजू हो."

फोन ठेवून जागृती आईकडे वळली. रडू की हसू, तिला कळेना.

"काय म्हनते ते बाई?"

"नोकरी लागली आई!"

"रेघ चुकली तरी?"

"चुकली हे सांगतलं म्हनून."

कमलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच हक्काने म्हणाल्या, "मंग अर्धी नोकरी माही हाय."